डोणीतलं पाणी ओतण्याआधी

अन्याय झाला तो आमच्या चाळीत मागच्या अंगाला राहणाऱ्या साचेवाल्या काकांवर. केव्हा, तर अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासूनचा तो तिसरा पावसाळा. ठिकाण घाटकोपर, डोंगराकडची बाजू. करणारे आम्ही पाच जण. त्यातली पाचवी मी, आणि खराटा माझ्या हातात होता.

पत्रक असंच सुरू करायचं, असं आम्हाला चाळीतल्या तरुणांच्या मंडळात शिकवलं होतं. कुणावर, कधी, कुठे, कुणी. पहिल्या चार ओळींत हे आलं नाही तर माणूस कागदाची घडी घालून खिशात टाकतो आणि नंतर त्यात चणे खातो. मी पत्रकं बरी लिहायचे. रेशनच्या दुकानातल्या खड्यांवर लिहिलं, संडासाच्या मोडक्या दारांवर लिहिलं, नळ आधी कुणाच्या गल्लीत सुटतो त्यावर लिहिलं. ही सगळी पत्रकं खरी होती, आजही सही करीन. एकच खोटं होतं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. वर्षाअखेर प्रत्येकाने कीटकांचा एक संग्रह द्यायचा, असा नियम. लाकडी पेटी, तळाला थर्मोकोल, वर काच, पंचवीस किडे टाचणीने टोचलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी, कोपऱ्यात डांबरगोळ्या. वर्गातल्या बऱ्याच जणांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या जुन्या पेट्या आणून नुसत्या चिठ्ठ्या बदलल्या. मला ते जमणारं नव्हतं, कारण मी मंडळात नक्कल आणि भ्रष्टाचार यावर भाषण दिलं होतं. मग काय, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कड्याला शिवला, त्याला झाडूचा दांडा बांधला आणि हिंडायला लागले. रविवारी बोरिवलीच्या जंगलात, एरवी आमच्याच डोंगरावर. एका रुंद तोंडाच्या बाटलीत लॅबमधल्या औषधाचा बोळा. किडा आत टाकायचा, झाकण लावायचं, शंभर आकडे म्हणायचे. एवढंच. मला त्यात काही वाटत नव्हतं. अकराव्या कप्प्यात माझा सगळ्यात देखणा नग होता, पिवळसर अंगाचा चतुर. चारही पंख सरळ रेषेत पसरून टोचलेला. मॅडमनी त्यावर बोट ठेवून सगळ्या वर्गाला दाखवला होता.

साचेवाले काका माझी ही खटपट गॅलरीतून बघायचे. मालवणकडचे, एका गिरणीच्या साचेखात्यात उभी हयात गेलेली. साचे म्हणजे कापड विणायची यंत्रं, म्हणून साचेवाले. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. घरात ते आणि काकी, मुलगी लग्न होऊन मालाडला. एकदा मी पायरीवर बसून एका भुंग्याचे पाय सरळ करत होते तेव्हा ते येऊन उभे राहिले.

"मारून काय बघतंस गो चेडवा?"

"अभ्यासाला लागतं काका."

"मेल्यावर सगळे सारकेच दिसतत."

"असं कसं? हा बघा ना, याच्या शिंगांना—"

"शिंगां दिसतत गो. तो करता काय, ता खंय दिसता?"

मी हसले. काकी आतून ओरडल्या, "तिका कशाक शिकवतास? गिरणीत आपली हजेरी नाय, म्हणून आता किड्यांची हजेरी घेतत!"

हे हजेरीचं काय ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, इतकी साधी ती गोष्ट होती.

चाळीच्या मागे एक डोण होती. आमच्या लहानपणी तिथे म्हशींचा तबेला होता. तबेला गेला, म्हशी आरेकडे गेल्या, पाणी पाजायची सिमेंटची डोण तेवढी राहिली. एक माणूस आडवा झोपेल एवढी लांब, गुडघाभर खोल, एका टोकाला भोक आणि त्यात चिंधीचं बूच. पावसाळ्यात ती भरायची आणि दिवाळीपर्यंत भरलेली राहायची. काका रोज सकाळी तिच्या काठावर बसलेले असायचे. आम्हाला वाटायचं, संपातली माणसं बसतात तसे बसले आहेत. तेव्हा घाटकोपरात असे कितीतरी जण कुठे कुठे बसलेले असायचे, आणि आम्ही विशीतली मंडळी त्यांच्याकडे जरा तिरकंच बघायचो.

त्या पावसाळ्यात माझ्या आईला हिवताप झाला. चाळीत आणखी तिघांना झाला. आई चौथ्या दिवशी उठून बसली तरी भिंत धरून चालत होती आणि गोळ्यांनी तिच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. मी चिडले होते. चिडणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. मंडळाची बैठक झाली. आमचा अध्यक्ष साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. मनगटापर्यंत तेलाचा काळा, बोलायला फर्डा.

तो म्हणाला, "डासांवर मोहीम. पत्रक तू लिही. तू सायन्सवाली ना यार? लोकं सायन्सला घाबरतात."

"पण डास कुठले, ते आधी बघायला नको?"

"बघायचंय काय त्यात? मागची डोण. वर्षानुवर्षं साचलंय पाणी. परवा मी वाकून बघितलं, आत किडे वळवळतायत, हे एवढे एवढे."

त्याने दोन बोटांमध्ये अंतर धरून दाखवलं. ते अंतर डासाच्या अळीच्या चौपट होतं. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. मला ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर मथळा माझ्या डोक्यात आधीच तयार झाला होता. चाळीच्या पाठीशी मृत्यूचा हौद! उद्गारचिन्हासकट. त्या मथळ्याच्या मध्ये येईल असं काही बघायची मला घाई नव्हती.

पत्रक स्टेन्सिलवर कापलं, साकीनाक्याला सायक्लोस्टाइलचं चक्र फिरवून छापलं, घरोघर वाटलं. एक प्रत काकांच्या दारातही सरकवली. काका तेव्हा मुलीकडे मालाडला गेले होते, शनिवार ते रविवार दुपार. काकी एकट्याच होत्या आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद घडी करून देवाच्या फळीवर ठेवला. छापील आहे, कामाचं असेल.

रविवारी साडेदहाला आम्ही बूच ओढलं. पाणी हिरवट होतं आणि गटाराकडे मजेत वाहत गेलं. आम्ही घोषणा दिल्या. डोणीत उतरून मी तळ खराट्याने घासला, चांगला रेटून, कोपऱ्यातनं. मग फिनेल. अध्यक्ष म्हणाला, "झकास! वाट लागली त्यांची." काकी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्ये येवंदेत गो मगे करा." अध्यक्ष हसून म्हणाला, "काकी, सार्वजनिक काम आहे, विचारायचं कुणाला?" मीही हसले.

बाराच्या सुमाराला काका आले. हातात मुलीने दिलेली पिशवी. आम्ही अजून तिथेच होतो, कुणीतरी चहा आणला होता. त्यांनी डोणीत बघितलं, मग गटाराकडे जाणाऱ्या ओल्या वाटेकडे बघितलं. पिशवी काकींकडे दिली. त्यांच्या आवाजात काही चढ नव्हता.

"बघलात काय ओतूच्या आधी?"

"काय बघायचं काका?" अध्यक्ष म्हणाला.

"पाणी."

काका घरात गेले आणि एक थाळी घेऊन आले. पांढरी, इनॅमलची, निळ्या काठाची. गिरणीत डबा उघडून तिच्यातच जेवायचे. वाटेच्या कडेला उकिडवे बसून ते गटाराच्या तोंडाशी साचलेला गाळ बोटाने उकलायला लागले. आमचा चहा संपला. बाकीचे चौघे एकेक करून पांगले. मी का थांबले, नक्की सांगता येत नाही. बहुतेक थाळी बघून. एवढा शांत माणूस चिखलात जेवणाची थाळी का घालतोय, ते मला कळेना.

थाळीत त्यांनी स्वच्छ पाणी घेतलं होतं. त्यात एकेक करून पाच जीव ठेवले. मातीच्या रंगाचे, चपटे, सहा पायांचे, बोटाच्या पेराएवढे, मोठ्या डोळ्यांचे. चार हलत नव्हते. एक हलत होता.

"काय आहे हे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की विचारल्याबद्दल रागवावं की आनंद मानावा हे त्यांचं ठरत नसावं.

"तुझ्या पेटीत हा ना, अकराव्या नंबराक? त्याचा प्वार."

चतुर पाण्यात अंडी घालतो, पिल्लं पाण्यात वाढतात, हे मी पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. ओळ पाठही होती. तरी पिल्लू दिसतं कसं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडचा चतुर टाचणीवर सुरू होत होता आणि टाचणीवरच संपत होता.

मग काकांनी मला आत बोलावलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसंच, प्रत्येक तारखेला एक चौकोन. आपण त्यात दूध आलं नाही ते लिहितो, गॅस कधी लागला ते लिहितो. काकांच्या चौकोनांत बारीक पेन्सिलीने दुसरंच होतं. 'दोन आले, पाण्याक शेपटी लावतत.' 'पोरां तांदळाएवढी.' 'कात टाकली.' 'डासाची अळी खाली, मोजून सात.' खिळ्यावर त्यामागे गेल्या वर्षीचं कॅलेंडरही तसंच टांगलेलं होतं. काकींची हजेरी ती ही.

"अळी खाल्ली म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय? ह्येंचा जेवण ताच. खालचो ओठ हातासारखो फुडे टाकतत नि उचलतत. त्या डोणीत डास होवकच देत नसत."

मी घरी आले. आमच्या गॅलरीत पाण्याचं पिंप होतं, वर फळकुट टाकलेलं, अर्धं उघडं. आईची पांढरी ताटली त्यात बुडवली आणि उजेडात धरली. अळ्या. झटके देत वळवळणाऱ्या, शेकड्यांनी. आईला चावलेला डास कुठे जन्मला हे मी सांगू शकत नाही, त्याचा दाखला कुठे नाही. पण तिच्या खाटेपासून आमचं पिंप चार पावलांवर होतं आणि डोण चाळीच्या त्या टोकाला.

जो एक जिवंत होता त्याला काकांनी एका पातेल्यात ठेवलं. पावसाचं पाणी साठवलेलं होतं, त्यातलं घातलं. मी माझी काचेची बाटली घेऊन गेले होते, धुऊन, दोनदा. काकांनी ती हुंगली आणि परत दिली. पातेल्यात तिरकी एक काठी ठेवली, अर्धी पाण्याबाहेर. काकी म्हणाल्या, "ह्या पातेल्यात मी आमटी करतंय, ठावक असांदे."

"हप्ताभर डाळ खावया नको," काका म्हणाले.

पिल्लाने खाणं सोडलं होतं. मला वाटलं, फिनेलने. काका म्हणाले, नाही, वेळ आली की खात नाहीत. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगल्या होत्या. त्यांनी मला दाखवलं, उजव्या बाजूच्या एका पिशवीवर ओरखडा होता. तो कशाचा हे त्यांनी विचारलं नाही. खराटा त्यांच्याच दाराशी उभा होता.

तेव्हा मला कळलं, की त्यांना काय हवं होतं. दोन पावसाळे ते डोणीवर बसत होते. रोज सकाळी डोणीच्या काठाला चिकटलेल्या रिकाम्या काती सापडायच्या, पाठीवर चीर पडलेल्या. आतला जीव निघून गेलेला असायचा. चतुर बाहेर कसा पडतो, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघायचं होतं, बस. साच्यावर कापड इंच इंच पुढे येताना त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. हे कसं येतं ते राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात डोणीतले बरेचसे एकामागून एक निघाले असते. आता एकच उरला होता.

आम्ही पाळ्या लावल्या. शब्द त्यांचाच. त्यांची दुपारची आणि संध्याकाळची, माझी पहाटे पाच ते कॉलेजची वेळ होईपर्यंत. अडचण एवढीच, की आमच्या नळाला पाणी साडेपाचला यायचं आणि तासाभरात जायचं. काकींचे गुडघे गेलेले, त्यामुळे रांगेत काकाच. म्हणजे ज्या वेळी काती सुटतात नेमक्या त्याच वेळी ते दोन्ही वर्षं नळावर उभे होते! त्यांच्या तोंडून कधी तक्रार निघाली नव्हती. मला मात्र राग आला, आणि राग आला की मी पत्रक लिहिते. पण त्या दिवसांत लिहिलं नाही. पातेल्यापाशी बसून राहिले.

सोमवार, मंगळवार, बुधवार काही नाही. मला शिकायला मिळालं ते हेच, की काही नाही हेसुद्धा चौकोनात लिहायचं असतं. काका लिहायचे, 'बसून हा.'

गुरुवारी पावणेसहाला ते काठीवर चढलं. पाण्याबाहेर वीतभर, मग थांबलं. इतकं निश्चल, की मेलं असं वाटावं. मग डोक्यामागे पाठ उसवायला लागली. मी उठले, दारात जाऊन ओरडले, "काका! काका, या!"

रांगेत त्यांच्या पुढे दोनच माणसं होती. त्यांनी बादल्या आणि कळशी तिथेच सोडली आणि धावत आले. त्या वयाच्या माणसाला मी धावताना पहिल्यांदाच बघत होते, लुंगी एका हातात धरून. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो नंबर जाईल!" नंबर गेलाच. त्या दिवशी त्यांच्या घरी पाणी भरलं गेलं नाही.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो, काकी स्टुलावर. उसवलेल्या चिरेतून आधी खांदे आले, मग डोकं, मग पाय. रंग ओल्या तांदळासारखा. ते मागे झुकून उलटं लोंबकळलं आणि तसंच राहिलं. आत, कातीच्या आणि अंगाच्या मध्ये, बारीक पांढरे धागे ताणले गेले होते.

"सूत," काका हळूच म्हणाले. मग काकींकडे वळून, लहान मुलासारखं, "गो, आत सूत असा!"

"दिसता माका," काकी म्हणाल्या. "बोला नको आता."

बऱ्याच वेळाने त्याने वर उसळी मारली, आपलीच कात पायांनी पकडली आणि उरलेलं अंग ओढून काढलं. पंख म्हणजे चार चुरगळलेल्या चिंध्या होत्या. त्या उलगडायला लागल्या. कुणी ओढत नाही, काही नाही, आतून भरत जातात. दुधी, मग काचेसारख्या. डावीकडचे दोन सरळ झाले. उजवीकडचा पुढचा सरळ झाला. मागचा नाही झाला. मुळाशी थोडा उघडला आणि तिथेच थांबला. आम्ही वाट बघितली. नळ गेला, उजाडलं, कॉलेजची वेळ टळली. अंगाला पिवळसर रंग चढला, माझ्या पेटीतला तोच. चौथा पंख चिंधीच राहिला.

माझ्या मनात एकदा येऊन गेलं की हा संग्रहात ठेवता येईल. आलं, म्हणून लिहिते.

मी म्हणाले, "काका, माझ्यामुळे झालं. तुमच्यावर अन्याय झाला."

ते काठीकडेच बघत होते. "माझ्यावर कसलो अन्याय? डोण काय माझी होती? माका बघूचा होता, ता बघलंय." मग म्हणाले, "ह्येका उडूचा होता."

दुपारपर्यंत तो काठीवर होता. मधूनमधून तीन पंख थरथरवायचा. काकांनी काठीसकट उचलून त्याला डोणीमागच्या अडुळशावर ठेवलं. संध्याकाळी मी गेले तर मुंग्या लागल्या होत्या. काकांनी त्यांना हाकललं नाही, नुसते बघत उभे होते. त्या गुरुवारच्या चौकोनात लिहिलं आहे, 'एक आयलो. तीन पंख.' रविवारचा चौकोन त्यांनी कोरा ठेवला होता. मी परवानगी मागितली आणि त्यात लिहिलं, 'आम्ही न बघता ओतलं.' अक्षर माझं आहे, कुणीही जाऊन बघावं.

त्या आठवड्यात मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिलं चुकीचं होतं, डास आपल्या गॅलरीतल्या पिंपांत आहेत, पिंपांवर फडकी बांधा, डोण भरू द्या. अध्यक्षाने वाचलं आणि परत दिलं.

"माफीचं पत्रक कोण काढतं यार? उद्या रेशनवाला म्हणेल, तुमचं तेही चुकलंच असेल."

"चुकलं ते चुकलं म्हणायचं नाही?"

"म्हण ना. तुझ्या घरी म्हण."

मी ते हाताने लिहून चाळीच्या फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. पंधरा दिवसांनी मंडळाने डोण डबर टाकून बुजवली आणि वर आपला फलक रोवला. मी मंडळ सोडलं. पत्रकं लिहायचं सोडलं नाही, हे वाचताय त्यावरून दिसतंच आहे.

पेटी मी दिली, पण अकरावा कप्पा बदलून. तिथला चतुर काढला आणि काकांनी दिलेली ती कात काठीच्या तुकड्यासकट ठेवली. मॅडम म्हणाल्या, "हे अभ्यासक्रमात नाही." खरं होतं, नव्हतं. मार्क कापले गेले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार याची आहे, की त्या वर्गातल्या पेट्यांत मिळून हजारावर मेलेले किडे असतील, आणि त्यातला एकही जिवंतपणी काय करतो हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आईला पुन्हा ताप आला. डास वाढले का, मला माहीत नाही. मी मोजले नव्हते. मोजणारा माणूस आता एका प्लास्टिकच्या टबाशी बसतो, काकींनी दिलेल्या, आणि टबात अजून एकाही चतुराने अंडी घातलेली नाहीत. कॅलेंडरात रोज 'काय नाय' लिहिलेलं असतं. मी जाते, अधूनमधून. पाळी माझी पहाटेचीच आहे.

तुम्ही अंधेरीत असाल, मुलुंडला असाल, कुठेही असाल. तुमच्याही इमारतीच्या मागे कुठेतरी पाणी साचलेलं आहे आणि या रविवारी पाचदहा उत्साही माणसं ते ओतायला निघणार आहेत. त्यांत बहुतेक तुम्हीही असाल, कारण तुम्ही चांगले नागरिक आहात. जाच. पण आधी घरातून एक पांढरी थाळी न्या. पाणी तिच्यात घ्या, उजेडात धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं बघा. मग तशीच आपल्या घरी या आणि आपल्या पिंपातलं पाणीही तसंच बघा. त्यानंतर काय ओतायचं ते ठरवा. आणि मंडळाचं पत्रक हातात असेल, हे माझं असेल तरी, तर ते आधी खाली ठेवा. थाळी दोन्ही हातांनी धरावी लागते.